हरकत नसल्यास मंजूर

सन्मती मगदूमला कारभारी होऊन मिळणार काय होतं, ते आधी पाहून घेऊ. पगार नव्हता. खुर्ची नव्हती, 'वाचा' प्रकल्पाला कचेरीच नव्हती, तर खुर्ची कुठून येणार? बायकोच्या माहेरी हे पद समजावून सांगण्याची सोय नव्हती. सासऱ्यांनी एकदा "म्हणजे सोसायटीचे चेअरमन का?" असं विचारलं, तेव्हा सन्मतीने "तसंच काहीसं" म्हणून विषय मिटवला होता. मिळणार होतं ते एवढंच, की प्रकल्पाच्या पहिल्या पानावर सगळ्यांच्या वर नाव येणार, वादात शेवटचा शब्द आपला राहणार, आणि इतकी वर्षं दुसऱ्या क्रमांकावर काढलेल्या माणसाला पहिल्या क्रमांकावरून खाली बघताना जे काय वाटतं ते वाटणार. हे शेवटचं त्याने कुणाजवळ कबूल केलं नसतं. स्वतःजवळ तर मुळीच नाही.

चारचौघांत सांगण्याजोगं कारणही त्याच्यापाशी होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्याचा थोरला भाऊ भूपाल सांगलीच्या हळद बाजारात अडत्या. सौद्याला उभा राहिला की त्याचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा. पण बाजारात खरं नाव होतं ते त्याच्या गप्प राहण्याचं. घेणारा दर बोलला की भूपाल हळकुंड मोडून बघायचा, वास घ्यायचा आणि नुसता थांबायचा. त्या थांबण्याने कासावीस होऊन भले भले व्यापारी आपणहून वर चढायचे. मग तंबाखूने घसा गेला. मिरजेच्या इस्पितळात स्वरयंत्र काढलं आणि भूपालच्या गळ्यात 'वाचा'चा पट्टा आला.

पट्ट्याचं तत्त्व तसं सोपं. बोलायचं मनात आलं की मेंदू जिभेला, हनुवटीखालच्या आणि गळ्याच्या स्नायूंना हुकूम सोडतो. स्वरयंत्र काढून टाकलं तरी हुकूम सुटायचे थांबत नाहीत. कंपनी बंद पडल्याचं न कळलेल्या हेडक्लार्कसारखा मेंदू पत्रं धाडतच राहतो. त्या हुकमांनी स्नायूंत विजेच्या बारीक लहरी उठतात. पट्टा त्या टिपतो, कुठल्या लहरीला कुठला शब्द हे त्या त्या माणसाकडून शिकून घेतो आणि शब्द बोलून दाखवतो, त्याच माणसाच्या जुन्या आवाजात. भूपालचा आवाज सौद्याच्या व्हिडिओंतून काढला होता. त्यामुळे पहिले काही आठवडे तो जेवताना मीठ मागायचा तेही लिलाव पुकारल्यासारखं.

एक उणीव होती. पट्टा मागे राहायचा. शब्द पुरा झाल्याशिवाय त्याला कळायचा नाही, आणि भूपालचं वाक्य बाहेर पडेपर्यंत ऐकणारे दुसऱ्या विषयावर गेलेले असायचे. यावर उतारा म्हणून जी सोय निघाली तिचं नाव 'आगाऊ'. माणसाने एखाददुसरा शब्द उच्चारला की समोरच्याने आधी काय विचारलं होतं ते ध्यानात घेऊन पट्टा उरलेलं वाक्य ओळखायचा आणि पुढे होऊन बोलून टाकायचा. माणूस मध्येच थांबला तर तो अडखळलाय असं समजून मदतीला धावायचा. हे ओळखायचं शिक्षण त्याला इस्पितळांतल्या संभाषणांवरून मिळालं होतं. वॉर्डात डॉक्टर, नर्स विचारतात आणि पेशंट मान डोलावतात. तेव्हा वाक्याचा शेवट काय असेल याचा पट्ट्याचा अंदाज बहुतेक वेळा एकच असायचा: होकार.

सन्मतीने ती सोय एकदा भावाच्या पट्ट्यावर लावून पाहिली होती. भूपाल म्हणायला गेला, "चहा गार झालाय." पट्टा म्हणाला, "चहा छान झालाय." वहिनी दारात थबकल्या, कारण तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

"काढ हे," सोय बंद केल्यावर भूपाल म्हणाला. "सन्मत्या, माझ्या तोंडात दुसऱ्याची जीभ नको. कारभारी हो न्हाईतर मुकादम हो, पण हे माझ्या गळ्यात परत आलं तर बघ."

"नाही येणार, आण्णा."

"लिहून दे."

"आता भावाकडून लिहून घेणार का?"

"भावाकडूनच घ्यावं लागतं," भूपाल म्हणाला.

तोवर 'आगाऊ' ज्याला हवी त्याने लावायची सोय होती. आता प्रस्ताव असा येऊ घातला होता की ती प्रत्येक पट्ट्यात आपोआप चालू असावी. तो अडवायचा अधिकार एकट्या कारभाऱ्याला होता.

'वाचा' ओपन सोर्स. म्हणजे तिचा सगळा कोड उघडा, कुणीही वाचावा, सुधारावा, वापरावा. मालक कुणी नाही आणि कामं करणारे सगळे हौशी. अशा घरात निर्णय घ्यायची जुनी रीत होती: प्रस्ताव मांडायचा, आठवडाभर ठेवायचा, हरकत नसल्यास मंजूर. रीत चांगली होती, पण तिच्यात एक गृहीत होतं, की लोक वाचतात. लोक वाचत नसत. दोनशेवर सदस्यांतले निम्मे नोकरी, लग्न, कर्ज, पाठदुखी अशा नेहमीच्या वाटांनी गळले होते, आणि नावं तेवढी मागे राहिली होती. निवडणुकीला गणसंख्या भरेना. तेव्हा दोन वर्षांपूर्वी 'मुखत्यार' आले.

मुखत्यार म्हणजे सदस्याची यांत्रिक सावली. त्याने आजवर लिहिलेली पत्रं, दुसऱ्यांच्या कोडवर मारलेले शेरे, दिलेली मतं, सगळं वाचून तयार झालेली. माणसाने मुदतीत मत दिलं नाही तर मुखत्यार देणार, आणि माणूस असता तर जे दिलं असतं तेच देणार. चाचण्यांत मुखत्यार शंभरात चौऱ्याण्णव वेळा बरोबर निघाले. उरलेल्या सहा वेळा माणसंच म्हणाली की अरेच्चा, हे तर मी द्यायला हवं होतं.

त्याच सुमाराला दुसऱ्या एका प्रकल्पात कुणीतरी थकल्याभागल्या सदस्याचं खातं बळकावून कोडमध्ये घाण कालवली. सगळीकडे घबराट झाली. 'वाचा'त लगेच 'स्वभावतपासणी'चा प्रस्ताव आला: सदस्याचं मत त्याच्या आजवरच्या वागण्याशी अगदीच विसंगत असेल तर ते बाजूला ठेवायचं, दोन सदस्यांनी ओळख पटवली तरच मोजायचं, तोवर मुखत्याराने काम बघायचं. सुरक्षेचे प्रस्ताव कारभाऱ्याला अडवता येत नसत, ते मतांवर ठरत; म्हणून तेव्हाच्या कारभारी कालिंदी आठल्ये यांनी हरकतीचे चार परिच्छेद लिहिले. सन्मतीने लिहिलं, "चालेल." प्रस्ताव मंजूर झाला.

कालिंदीताई रत्नागिरीच्या. मुळात मुक्या झालेल्या पेशंटांना बोलायला शिकवणाऱ्या, साठीकडे झुकल्यावर कोड लिहायला शिकल्या आणि 'वाचा' उभी केली. पहिल्यापासून कारभारी त्याच. 'आगाऊ' हे नाव त्यांनीच ठेवलं होतं, दोन्ही अर्थांनी. त्यांची उत्तरं बहुधा "नाही. कारण" अशी सुरू व्हायची, त्यामुळे प्रकल्प नीट राहिला होता आणि माणसं दुखावली होती.

उमेदवारीची यादी लागली त्या सकाळी त्यांचा फोन आला.

"तू उभा राहतोयस हे मला पानावर वाचून कळलं हो."

"सांगणारच होतो, ताई."

"बरोबर. पुढच्या गणपतीत सांगणार असशील."

"आगाऊला माझाही विरोधच आहे."

"कुठे लिहिलायस? मला सापडलं नाही. म्हातारीची नजर, राहिलं असेल वाचायचं."

सन्मती म्हणाला, "निवडून आल्यावर लिहीन. आत्ता लिहिलं तर रणपिसेंची मतं जातात."

"म्हणजे मतं त्यांची घ्यायची आणि मग त्यांनाच नाही म्हणायचं? हे तुला जमेल?"

"लोक तुमच्यावर चिडलेत, ताई. एकट्या तुम्हीच उभ्या राहिलात तर रणपिसेंचाच माणूस येईल. मी आलो तर निदान—"

"निदान तू येशील," कालिंदीताई म्हणाल्या, आणि इतक्या मनापासून हसल्या की सन्मतीला तो आशीर्वाद वाटला.

रणपिसे म्हणजे कौस्तुभ रणपिसे. 'स्वरसंधान' नावाची पुण्याची कंपनी 'वाचा'चा कोड घालून पट्टे बनवायची आणि इस्पितळांना पुरवायची. तिच्यातर्फे तो प्रकल्पात काम करायचा. कंपनीला 'आगाऊ' हवी होती, कारण इस्पितळांना जलद बोलणारे पेशंट हवे होते. तो मिरजेला आला, सन्मतीला स्टेशनजवळच्या हॉटेलात भेटला आणि लोणी डोसा मागवून म्हणाला, "सर, आमचं काही म्हणणं नाही. आमचा माणूस उभा आहेच, पण दुसरी पसंती आम्ही तुम्हाला देऊ. तुम्ही फक्त प्रचारात आगाऊचा विषय काढू नका."

"चालेल," सन्मती म्हणाला.

त्याचा आडाखा साधा होता. आधी जिंकायचं, मग अडवायचं. कालिंदीताईंना पाठिंबा दिला असता तर नुसतं अडवता आलं असतं. जिंकणं त्यात नव्हतं.

मतं मोजायची पद्धत अशी: प्रत्येकाने उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे, मग उमेदवारांच्या जोड्या लावायच्या आणि जो प्रत्येक जोडीत सरस ठरेल तो निवडून आला. ताईंच्या माणसांनी ताईंना पहिलं आणि रणपिसेच्या माणसाला तिसरं ठेवलं. रणपिसेच्या बाजूने उलट. दोन्हीकडे मधला क्रमांक सन्मतीचा, कारण त्याने कधी कुणाला दुखावल्याची नोंद एकाही मुखत्याराला सापडली नाही. तो समोरासमोर दोघांनाही हरवून आला. दणदणीत.

मतदान उघडं असे. अभिनंदनाचे निरोप वाचून झाल्यावर सन्मती कौतुकाने मतं बघत बसला. हाताने दिलेली मतं दोन्ही हातांच्या बोटांवर मावत होती. बाकी सगळी मुखत्यारांची. निरोपही बरेचसे त्यांचेच होते, हे मग त्याच्या ध्यानात आलं. त्याला पहिली पसंती देणारं मत एकच होतं, आणि ते कुणाचं हे त्याला शोधावं लागलं नाही.

कालिंदीताईंनी त्याच दिवशी सदस्यत्व सोडलं. चिठ्ठी एका ओळीची होती: "माणसं असतील तेव्हा बोलवा."

'आगाऊ'चा प्रस्ताव महिन्याभरात आला. सन्मतीने या दिवसासाठी मजकूर तयार ठेवला होता. कधी नव्हे ती त्याने "हरकत आहे" अशी सुरुवात केली. थांबणं म्हणजे अडखळणं नव्हे, असं लिहिलं. भावाचं उदाहरण दिलं, नाव न घेता. मजकूर चांगला उतरला होता. पाठवून तो चहा करायला उठला आणि कप घेऊन परत येतो तो पडद्यावर उत्तर होतं.

"हे मत सन्मती मगदूम यांच्या आजवरच्या लिखाणाशी जुळत नाही. खातं दुसऱ्याच्या हाती गेलं असण्याची शक्यता धरून ते बाजूला ठेवलं आहे. दोन सदस्यांनी ओळख पटवल्यास मोजलं जाईल. तोवर त्यांचे मुखत्यार काम पाहतील."

खाली मुखत्याराचा शेरा होता. "चालेल. फक्त माहितीपुस्तिकेत नीट लिहावं, म्हणजे कुणाची गैरसोय होणार नाही." सन्मतीने तो पुन्हा वाचला. त्याला हरकत घेण्यासारखं त्यात काही सापडेना. त्यानेच लिहिला असता तर असाच लिहिला असता.

मग फोन सुरू झाले. हाताने मत देणाऱ्यांतली ताईंची माणसं ताईंबरोबरच बाहेर पडली होती, उरलेली रणपिसेची होती. हुबळीचा एक जुना सदस्य म्हणाला, "वाचा? अजून चालू आहे होय ते?" आणि पासवर्ड शोधून सांगतो म्हणून जो गेला तो गेलाच. नांदेडच्या मुस्तफा देशमुखने मात्र लगेच ओळख दिली. पण मुस्तफा तीन वर्षांत एकदाही फिरकला नव्हता. त्याचं अचानक येणंच त्याच्या स्वभावाशी विसंगत ठरलं आणि त्याची साक्षही बाजूला पडली.

"आता माझी ओळख कोण देणार, भाऊ?" मुस्तफाने विचारलं. "तू देतोस का?"

"माझीच अडकलीय," सन्मती म्हणाला.

रणपिसेने फोन लगेच उचलला. "सर, मी दिली असती हो ओळख. पण खरं सांगू का? तुम्ही असं काही लिहाल असं मलाही वाटत नाही."

शेवटी रत्नागिरी. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मागे नारळ खोवल्याचा आवाज येत होता.

"मी आता सदस्य नाही, सन्मती. माझी ओळख चालायची नाही."

"परत या ना, ताई. अर्ज केलात तर—"

"तो मंजूर कोण करणार? तुझा मुखत्यार?" खोवणं थांबलं. "आणि अरे, मी ओळखते तुला. म्हणून सांगते, यंत्र चुकलेलं नाही."

आठवडा संपला. हरकत नसल्यामुळे प्रस्ताव मंजूर झाला. नवी आवृत्ती इस्पितळांकडून पट्ट्यापट्ट्यांत आपोआप उतरली. वर कारभारी म्हणून सन्मती मगदूमचं नाव होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. भावाच्या पट्ट्यातली सोय सन्मतीला हाताने काढता आली असती. पण नव्या आवृत्तीत ती काढली की पट्ट्याला सगळे शब्द नव्याने शिकवावे लागत, आणि दोन-तीन दिवस भूपाल पुरता मुका झाला असता. त्या रविवारी भूपालच्या मुलीच्या लग्नाची बैठक होती. बाप बैठकीत मुका कसा बसवायचा? सोमवारी काढू, असं सन्मतीने ठरवलं. यात काही चूक नव्हती. चूक ही, की त्याने हे भूपालला सांगितलं नाही. सांगायचं तर मी अडवू शकलो नाही असंही सांगावं लागलं असतं. आणि शनिवारी भूपाल आपणहून म्हणाला, "पट्टा बरा पळतोय रे हल्ली. तुझं काम दिसतंय."

"हं," सन्मती म्हणाला.

भूपालची मुलगी सुरभी जनावरांची डॉक्टर. जयसिंगपूरला तिने स्वतःचा दवाखाना काढला होता, आणि म्हैस कितीही आडदांड असो, सुरभी तिच्याशी घरातल्यांपेक्षा गोड बोलते अशी तिची ख्याती होती. मुलगा निपाणीचा, इंजिनियर. लग्नानंतर दवाखाना चालू राहणार हे दोघांचं आधीच ठरलं होतं. उरली होती ती मोठ्यांनी बसून सुपारी फोडण्याची रीत. शब्द झाला की अडकित्त्याने सुपारी फोडायची. फुटली की ठरलं, मग मागे फिरायचं नाही.

पोहे झाले, चहा झाला, ऊस आणि निवडणुका झाल्या. मग मुलाच्या मामांनी अडकित्ता हातात घेतला आणि बोलता बोलता विषय टाकला.

"एक बारीक गोष्ट ऱ्हायली बघा पावणं. दवाखान्याचं तेवढं लग्नानंतर आवरतं घ्यायचं. आमच्यात सुना गोठ्यांतनं हिंडत न्हाईत. काय म्हणता?"

मुलगा सतरंजीची नक्षी बघू लागला. सुरभी समोरच्या खुर्चीवर होती; तिने बापाकडे पाहिलं आणि निर्धास्त मागे रेलली. बाप काय म्हणणार हे तिला माहीत होतं. सन्मतीलाही माहीत होतं.

भूपालने तबकातली एक सुपारी उचलली. "आमची," तो म्हणाला आणि थांबला. सुपारी बोटांत फिरवली. मामांच्या कपाळावर आठी उमटली. आणखी थोडा वेळ गेला असता तर मामा आपणहून म्हणाले असते, की तसं काही नाही, नुसतं आपलं सुचवलं.

"आमची काही हरकत नाही," पट्टा म्हणाला. सौद्याच्या भरदार आवाजात, दाराबाहेर चपला लावणाऱ्या पोरांनाही ऐकू जाईल असा.

भूपालचं तोंड उघडंच होतं. कट्कन सुपारी फुटली. "झ्याक! तोंड गोड करा," मामा म्हणाले.

"थांबा जरा, ते—" सन्मती अर्धवट उठला. त्याच्या गुडघ्यावर भावाचा हात पडला आणि त्या हाताने त्याला खाली दाबलं. भूपालने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. सगळं कळल्याचं त्या बघण्यात होतं.

"आप्पा?" सुरभी म्हणाली.

भूपाल बोलला नाही. ती वाट बघत राहिली, पेढ्यांचं ताट तिच्यापर्यंत येईस्तोवर. मग तिने ताट बाजूला सारलं. "दवाखाना बंद होणार नाही. सुपारी फोडलीय ती तुमची तुम्ही खा," असं मामांना म्हणाली आणि निघून गेली. मुलगा तिच्यामागे दारापर्यंत गेला आणि तिथून परत आला.

पाहुणे गेल्यावर दोघे भाऊ ओसरीवर उरले. भूपाल बोलू लागला तो श्वास न घेता, शब्दाला शब्द जोडून, पट्ट्याला मध्ये शिरायला फट मिळू नये म्हणून. "माहीत होतं तुला आणि गप बसलास."

"सोमवारी काढणार होतो. आण्णा, आत्ता फोन करून सांगू या त्यांना, मशीन बोललं म्हणून. मी कारभारी आहे, माझ्यावर—"

"खुळा हाईस का मशीन बोललं म्हणालो तर उद्या सौद्यात दर बोलल्यावर समोरचा विचारंल हे भूपाल बोलतोय का पट्टा बाजार शब्दावर चालतो एक शब्द माझा नव्हता म्हटलं की मागचे समदे जात्यात." तो धापा टाकत थांबला.

"काळजीचं कारण नाही," पट्टा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मात्र भूपाल जयसिंगपूरला गेला. निपाणीकरांना नाही, पण पोरीला सांगायचंच, असं त्याने ठरवलं होतं. सांगायला आवाज हवा, म्हणून सोय अजून काढली नव्हती. गाडी सन्मतीने चालवली. सुरभी एका रेडकाच्या पायाला पट्टी बांधत होती. वर न बघता म्हणाली, "बसा."

"पोरी कालचं मी बोललो नव्हतो ते पट्टा बोलला मी नको म्हणणार होतो."

तिने गाठ मारली, हात धुतले, पुसले. आणि बापासमोर येऊन उभी राहिली. "आणि हे?"

भूपालला कळलं नाही.

"हे आत्ताचं कोण बोललं, आप्पा?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखर विचारायचं होतं. भूपालचे ओठ हलले, थांबले. नेमकं काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं, आणि तेवढी फट पट्ट्याला पुरली.

"सगळं व्यवस्थित होईल," पट्टा गोड आवाजात म्हणाला.

भूपालने पट्टा गळ्यातून काढला आणि सुयांच्या ट्रेमध्ये ठेवला. मोकळ्या तोंडाने तो काहीतरी म्हणाला. गळ्यात श्वासासाठी ठेवलेल्या भोकातून नुसती हवा आली. रेडकू दचकलं.

"सुरभी, मी सांगतो ना," सन्मती म्हणाला, "ते यंत्रच होतं गं."

"काका, तुम्ही त्याचे कारभारी ना? मग अडवलं का नाही?"

"अडवलं होतं. लिहिलं होतं मी."

"मग?"

"त्यांना ते माझं वाटलं नाही."

सुरभीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. विश्वास ठेवायची तिची फार इच्छा होती. ठेवायचा कशावर, हे तिथे कुणालाच सांगता आलं नसतं.

आता कुणी काय भरलं ते पाहू. 'स्वरसंधान'ला काहीच भरावं लागलं नाही. इस्पितळांनी पेशंटांचं समाधान विचारलं तेव्हा जवळजवळ सगळे समाधानी निघाले. उत्तरं त्यांनी पट्ट्यातूनच दिली होती. कालिंदीताईंचा प्रकल्प गेला. त्या पेशंटांना पुन्हा जुन्या पद्धतीने, हवा गिळून ढेकर देत शब्द काढायला शिकवतात, आणि रत्नागिरीत त्यांच्याकडे चार-सहा माणसं येतात. निपाणीच्या मुलाचं लग्न वर्षाच्या आत दुसरीकडे झालं.

सन्मतीने राजीनामा लिहिला. राजीनामा देणं त्याच्या स्वभावात बसत नसल्यामुळे तो बाजूला ठेवला गेला. प्रकल्प उत्तम चालला आहे, असं सगळे मुखत्यार एकमेकांना कळवतात. पहिल्या पानावर त्याचं नाव वर आहे ते आहेच. सासऱ्यांनी अलीकडेच ते पाहिलं आणि कौतुक केलं.

भूपालने पट्टा पुन्हा घातला नाही. सौद्याला आता मुनीम बोलतो. पेढीवर दुपारनंतर काम नसतं, तेव्हा भूपाल जयसिंगपूरला येतो, जनावरांचे पाय धरतो, बाटल्या धुतो. सगळ्यांत जास्त त्यानेच भरलं असं बाजार म्हणतो, आणि बाजाराचा अंदाज सहसा चुकत नाही.

पण सुरभीचं बाजाराला ठाऊक नाही. ती 'वाचा'ची सदस्य नव्हती, तिला मत नव्हतं, मुखत्यार नव्हता; अशी काही निवडणूक झाली होती हेच तिला नंतर कळलं. बाप रोज तिच्यासमोर असतो. त्या दिवशी "आमची" म्हटल्यावर पुढे काय म्हणणार होतास, असं तिने विचारलं तर तो पाटीवर लिहून देईल, आणि ते खरंच असेल. ती विचारत नाही. तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.